साखरेतला डॉक्टर, मिठातला मेव्हणा

साखरेच्या डब्यात हात घातला, तर हाताला डॉक्टर लागला.

म्हणजे पाकीट लागलं. खाकी, लांबट, पाठीवर लाल लाखेचं सील आणि त्या सीलवर बाबांच्या जुन्या कचेरीचा पितळी ठसा. मी साखर झटकून ते वर काढलं, तेवढ्यात आई मागून म्हणाली, "ठेव ते. तो डॉक्टर आहे."

"कोण डॉक्टर?"

"धरणाच्या मालिकेतला. आणि साखर चमच्याने घ्यावी रे माणसाने. हात काय घालतोस?"

मी डॉक्टरला परत साखरेत पुरलं आणि चमचा घेतला. चहा ढवळताना मला एक साधा प्रश्न पडला. डॉक्टर साखरेत असेल, तर मिठात कोण आहे? उघडून पाहिलं. मिठातही पाकीट होतं.

"मेव्हणा," आई भांडी विसळत, मागे न बघता म्हणाली. "चहाच्या डब्यात शाळेच्या बाई आहेत. तांदळात फोटोग्राफर. पिठात धाकटी सून, कॉफीत वॉचमन. आणि वरचा तो डबा, ज्यात कधीच काही नसतं, त्यात मुनीम."

मी कप घेऊन स्टुलावर बसलो. "आई, तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? दार लोट आधी. ते बाहेर पेपर वाचतायत."

मी दार लोटलं.

आता यातलं काही कळायचं, तर आधी बाबा कळायला हवेत.

बाबा परीक्षा विभागात होते. एकतीस वर्षं त्यांनी प्रश्नपत्रिकांची पाकिटं सील केली. लाख तापवायची, पाकिटाच्या तोंडावर थेंब सोडायचा, ठसा दाबायचा, तीनपर्यंत मोजायचं, उचलायचा. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक पेपर फुटला नाही आणि त्यांनी एक पेपर वाचलाही नाही. मी शाळेची शेवटची परीक्षा दिली, तेव्हा माझ्याही पेपरांची पाकिटं त्यांच्याच हातची होती. आदल्या आठवड्यात मी सहज विचारलं होतं, "बाबा, भूगोल कसा आहे?" ते म्हणाले, "जाड आहे." मी भूगोलात नापास झालो. पाकीट मात्र सुरेख होतं, पर्यवेक्षकांनी फोडण्यापूर्वी सगळ्या वर्गाला दाखवलं.

कचेरीत त्यांना 'कुलूप' म्हणायचे. ते नाव पुढे आमच्या इमारतीतही आलं, पण मानाने. लहान मुलं कुलूपकाका म्हणतात, मोठी माणसं कुलूपसाहेब. निवृत्तीला कचेरीने त्यांना रद्द झालेला एक ठसा आणि लाखेच्या बारा कांड्या भेट दिल्या. बाबांनी घड्याळाची मानसिक तयारी केली होती. ठसा बघून त्यांचे डोळे भरून आले. मग घरी येऊन ते सात महिने खुर्चीत बसले. घरात सील करण्यासारखं काहीच नव्हतं. दाढी आधी एक दिवसाआड झाली, मग चार दिवसांआड. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "हे बरं दिसतं की ते?" विचारतो. त्या दिवसांत घरी आल्यावर बाबांना काहीही विचारलं, तरी ते म्हणायचे, "दोन्ही सारखंच."

मग मालिका सुरू झाल्या. मालिका आधीपासूनच होत्या म्हणा, बाबांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं.

आमच्याकडे कुठल्याही मालिकेला तिच्या नावाने हाक मारत नाहीत. 'वकीलबाईंची', 'बर्फातली', 'दोन भावांची', 'धरणाची', अशी ती ओळखली जाते. दर शनिवारी बाबा जिन्याच्या फळ्यावर, पाणी कधी येणार नाही याच्या सूचनेशेजारी, अर्धा ताव लावू लागले. मथळा, 'चालू व पुनरागत मालिका : अभिप्राय'. भाषा कचेरीची.

'वकीलबाईंची (दुसरे सत्र) : पहिल्या सत्रात मृत झालेला जावई परत आला आहे. कारण जोडलेले नाही. पाहण्यास हरकत नाही.'

'दोन भावांची (नवी) : सर्व पात्रे भिंतीकडे पाहून बोलतात. भिंत चांगली आहे.'

'बर्फातली (तिसरे सत्र) : तपास अधिकारी अद्याप घरी गेलेला नाही. घरच्यांची काळजी वाटते. तसेच, पोलीस अंधाऱ्या खोलीत बॅटरी घेऊन फिरतात. दिव्याचे बटण दाराशेजारीच असते, हे त्यांच्या निदर्शनास आणावे.'

लोक वाचायला लागले. दुधाची पिशवी हातात धरून, एक पाय पायरीवर ठेवून वाचायचे. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर, म्हणजे दवाखान्यात नर्स आहेत त्या, ड्यूटीवरून येताना विचारायच्या, "काका, नवीन एक हॉस्पिटलची लागलीय. बघू का?" बाबा विचारायचे, "पेशंट सलाईन उपटून पळतो का?" "पळतो." "किती वेळा?" "दोनदा झालं." "मग तुम्ही नका बघू. तुमचं रक्त तापेल."

आणि मग पाकिटं. खुनाची मालिका असली की, दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या दिवशी बाबा एका चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचे, पाकिटात घालायचे, सील करायचे आणि आईच्या ताब्यात द्यायचे. कचेरीचा नियमच होता, ज्याने सील केलं त्याने ठेवायचं नाही. शेवटचा भाग रविवारी संध्याकाळी साडेसातला असतो. तो बघायला चार घरची माणसं आमच्याकडे जमायची. खुनी सापडला की, आई आतून पाकीट आणायची, कुणीतरी सील तपासायचं, आणि बाबा सुरीने पाकीट कडेने कापायचे. सील तोडणाऱ्यांचा त्यांना राग आहे.

सहा वर्षांत तेवीस पाकिटं. तेवीसच्या तेवीस बरोबर.

मी डब्यांच्या रांगेकडे बघितलं. "म्हणजे तू आधीच सगळ्यांची पाकिटं करून ठेवतेस. आणि जो खुनी निघेल, त्याचं बाहेर आणतेस."

"हुशार आहेस," आई म्हणाली. "भूगोलातच कसा काय गेलास कोण जाणे."

"कधीपासून?"

आईने नळ बंद केला. "पहिल्यापासून. यांनी लिहिलं होतं 'माळी', मी शेजारीच उभी होते, दिसलं. आणि निघाली ती मोलकरीण. मी पाकीट आणायला आत आले. बाहेर सगळे बसलेले. आणि अरे, त्या दिवशी सात महिन्यांनी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता." ती माझ्याकडे वळली. "जाहिराती चालू होत्या. गॅसवर लाख तापवली, 'मोलकरीण' लिहिलं, ठसा मारला. हे बघ, बोट भाजलं होतं."

"पण अक्षर?"

"त्यांच्या रजेचे अर्ज मीच लिहायचे. एकतीस वर्षांत चार लिहिले, पण अक्षर बसलं हाताला."

"आई, पण बाबांनी 'माळी' लिहिलं होतं ना! पाकिटातून 'मोलकरीण' निघाली, तर त्यांना कळणारच की!"

"कळलंच ना. चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं. मी पडदा नीट करत होते. मग मोठ्याने म्हणाले, 'मोलकरीण'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"आणि नंतर तुला काय म्हणाले?"

"म्हणाले, जेवायला वाढ."

"सहा वर्षांत कधीच बोलला नाहीत यावर?"

"त्यात बोलायचं काय?" आई हात पुसत म्हणाली. "संसार आहे, का परिसंवाद?"

मला एक शेवटची शंका होती. "मग बाबांची खरी पाकिटं कुठायत?"

ती पलंगाखालच्या ट्रंकेत होती, जुन्या चादरींच्या खाली. तेवीसच्या तेवीस, सील शाबूत. आईने त्यातलं एकही उघडलं नव्हतं. "दुसऱ्याचं सील फोडू नये," ती म्हणाली. हे वाक्य तिने डॉक्टरपासून मुनिमापर्यंत सात बनावट पाकिटं पुरून झाल्यावर म्हटलं, याची नोंद असावी.

मी मात्र कुलपाच्या पोटी आलेली फट आहे. आई गॅलरीत गेल्यावर मी दुसऱ्या क्रमांकाचं पाकीट कडेने, बाबांच्या पद्धतीने, कापलं. आत चिठ्ठी होती. तिच्यावर कुणाचंही नाव नव्हतं. लिहिलं होतं : 'लाख संपत आली आहे. मागवावी.'

मी आणखी एक कापलं, सतरावं. 'डावा गुडघा दुखतो. घरी सांगू नये.'

आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. आधी तिचा चेहरा असा झाला, की मी पेपरफुटीच्या खटल्यात आत जाणार. मग तिने चिठ्ठ्या वाचल्या. पहिली दोनदा वाचली.

"मला सांगायचं की तोंडाने," ती म्हणाली. "एका मालिकेला आठ-आठ सिलं लागतात. मी मेणबत्ती मिसळून मिसळून भागवतेय. आणि गुडघा! तरी म्हटलं, जिना तिरके का उतरतात."

मग तिने दोन्ही चिठ्ठ्या परत पाकिटांत घातल्या आणि मला म्हणाली, "चिकटव. आणि बाहेर एक अक्षर बोललास, तर याद राख."

हे सगळं सोमवारी सकाळी. आदल्या रात्री 'धरणाची'च्या तिसऱ्या सत्राचा दुसरा भाग झाला होता. धरणावरचा इंजिनिअर पाण्यात पडून मेला होता, संशयित सात होते, आणि बाबा त्या संध्याकाळी पाकीट सील करणार होते. सगळं दरवेळसारखंच झालं असतं, पण त्या संध्याकाळी फौजदार आले.

फौजदार म्हणजे खरेच फौजदार. निवृत्त होऊन चार महिन्यांपूर्वी तळमजल्यावर राहायला आले. त्यांना खुनाच्या मालिका बघवत नाहीत, म्हणून ते सगळ्या बघतात. प्रत्येक भाग संपला की, जिन्यात उभं राहून "हे असं नसतं हो!" म्हणतात. बाबांनी लाख तापवायला घेतली आणि दारात फौजदार.

"कुलूपसाहेब, ऐकलं ते खरं का? तेवीसपैकी तेवीस?"

"लोक म्हणतात," बाबा म्हणाले.

"आमच्या खात्यात कुणाचा असा निकाल लागला, की पहिली त्याचीच चौकशी लागायची," फौजदार हसले आणि खुर्ची ओढून बसले. "चेष्टा करतोय. पण पाकीट कुणाकडे असतं?"

"हिच्याकडे."

"वहिनींकडे? घरातला माणूस? छे छे. मुद्देमाल घरच्या माणसाकडे कसा? नियम काय म्हणतो?"

बाबांच्या हातातल्या कांडीवरून लाखेचा थेंब वर्तमानपत्रावर पडला. एकतीस वर्षं नियमाने वागलेल्या माणसाला नियम काय म्हणतो असं विचारलं, तर त्याच्याजवळ पळायला जागा राहत नाही.

"त्रयस्थाकडे असावं," बाबा म्हणाले.

"मग मी आहे की. सीलवर माझी सही, माझ्या कपाटात. शेवटच्या रविवारी घेऊन येतो."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. आवाजावरून फोटोग्राफर असावा.

बाबांनी कोरी चिठ्ठी पुढे ओढली. पेन उघडलं. मग बंद केलं. म्हणाले, "उद्या देतो. अजून विचार चालू आहे."

फौजदार गेल्यावर आम्ही तिघं जेवलो. आईने बाबांच्या डाव्या गुडघ्याखाली एक उशी सरकवली. बाबांनी उशीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि म्हणाले, "मीठ दे." मी मेव्हण्याला बाजूला करून मीठ आणलं.

पाकीट दुसऱ्या दिवशी गेलं नाही. तिसऱ्याही दिवशी गेलं नाही. बाबांनी मला सांगून एक वही आणवली. सहा वर्षांत प्रथमच ते मालिका खरोखर बघायला लागले. आधी मान जरा मागे टाकून, न्यायाधीशासारखे बघायचे, आता पुढे वाकून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. वहीत नोंदी. 'डॉक्टर हात धुतो. फार वेळ.' 'शाळेच्या बाई शाळेत जात नाहीत.' 'मेव्हण्याचे बूट दर भागात वेगळे. पगार?' पाकीट द्यायची मुदत त्यांनी फौजदारांकडून दोनदा वाढवून घेतली, तीही लेखी अर्ज करून. शनिवारचा अभिप्राय आखूड होत गेला. एका शनिवारी फळ्यावर फक्त 'धरणाची : पाहत आहे' एवढंच होतं. दुधाची पिशवी घेतलेले लोक ते वाचून, तेवढाच वेळ उभे राहून, पुढे जायचे.

जेवण कमी झालं. दाढी परत एक दिवसाआड गेली. आईचं लक्ष दाढीवर होतं.

सातव्या भागानंतर बाबांनी पाकीट सील करून फौजदारांना दिलं. फौजदारांनी सीलवर आडवी सही ठोकली आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "माझा माणूस मेव्हणा. लिहून देतो." त्यांनीही आपलं पाकीट केलं. बाबांनी त्यांना सील करून दिलं, कारण फौजदारांना लाख जमेना. त्यांच्या पाकिटावरचं सील बाबांनी स्वतःच्या पाकिटाइतकंच मन लावून केलं, हे मी बघितलं.

त्या रात्री आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर सात पाकिटं ओळीने मांडलेली, आणि सातांवर फौजदारांची सही.

"आई!"

"सोपी आहे रे त्यांची सही. गांडूळ काढायचं आणि खाली दोन टिंबं. आता ऐक. खुनी कळला, की नावं वर सरकायला लागतात. तेव्हा तू मेन स्विच पाड. मोजून तीस आकडे. फौजदार पाकीट टीपॉयवर ठेवतील. मी अंधारात बदलते. तीस झाले की स्विच वर. आणि 'फ्यूज गेला होता' म्हण."

"अंधारात टीपॉयवर दोन पाकिटं असतील, एक फौजदारांचं. चुकून तेच बदललंस तर?"

"यांचं मी हाताने ओळखते. सीलच्या उजव्या कडेला अंगठ्याचं ओझं पडतं त्यांच्या."

"आई, हे जरा जास्त होतंय. चुकले बाबा तर चुकले. काय बिघडतं?"

आईने एकेक पाकीट पदराखाली नीट रचलं. "त्यांचं काही नाही बिघडत," ती म्हणाली. "पण परत सात महिने खुर्चीत बसले तर? तेव्हा तू दुकानात असायचास. घरात मी होते."

मी स्विच कुठे आहे ते बघून आलो. बोळात, न्हाणीघराच्या दाराशेजारी.

रविवारी संध्याकाळी सव्वासातपासून माणसं जमली. सिस्टर सकाळची ड्यूटी करून पायांना तेल लावून आल्या होत्या. समोरचे शिंपी आणि त्यांची बायको, तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. फौजदार इस्त्रीचे कपडे घालून, दोन्ही पाकिटं तळहातावर घेऊन आले आणि टीपॉयवर ठेवली. बाबांनी दाढी केली होती. शर्ट इस्त्रीचा होता. पण चेहऱ्यावर काही कळत नव्हतं, पाकिटासारखा.

"वहिनी, या ना बाहेर," फौजदार म्हणाले.

"हो, चहाचं बघते," आई म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभी राहिली, नेहमीसारखी. तिच्या पदराखालून कागद कुरकुरल्याचा आवाज येत होता.

भाग सुरू झाला. तपास अधिकारी धरणावर वाऱ्यात उभा राहिला. "या हवेत बिनकोटाचा!" सिस्टर म्हणाल्या. "न्यूमोनिया होईल." फौजदार म्हणाले, "पंचनामा कुठाय? पंच कुठायत?" शिंपी म्हणाले, "पँट मात्र चांगली बसलीय." सात संशयित एका खोलीत आणून बसवले. आठ वाजून सतरा मिनिटांनी आईने पडद्यातून मला भुवई दाखवली. मी "आलोच" म्हणून बोळात गेलो आणि स्विचवर हात ठेवून उभा राहिलो. बाहेरून अधिकाऱ्याचा आवाज येत होता, "या खोलीत बसलेल्यांपैकी एकाला सगळं माहीत आहे…"

बोळात पावलं वाजली. तिरकी. बाबा आले.

मी स्विचवरून हात काढला नाही, कारण काढला असता, तर तिथे हात का होता हे सांगावं लागलं असतं.

"पाणी हवंय?" मी विचारलं.

"नको." ते जवळ आले. बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "आज नको."

"काय नको?"

"तेच. आईला सांग, आज नको. आणि तिला म्हणावं, बाहेर येऊन बस."

"बाबा, पण खुनी अजून…"

"अरे, मी सील केलंय ना ते?" ते म्हणाले. "माझंच आहे. उघडू दे."

मी पडद्याकडे बघितलं. आई तिथेच उभी होती, हाताच्या अंतरावर. तिने सगळं ऐकलं होतं. सहा वर्षांत या विषयावर बाबा तिच्यासमोर पहिल्यांदाच बोलले होते, आणि तेही माझ्याकडे बघून.

तेवढ्यात बाहेर एकदम ओरडा झाला. "आँ!" "अहो, हा कसा काय?" "हे असं नसतं हो!"

आम्ही तिघं धावलो. दीड महिना ज्या क्षणासाठी बाबांनी वही भरली, तो क्षण बोळात स्विचखाली निघून गेला होता. टीव्हीवर इंजिनिअर होता. मेलेला. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात, आरशासमोर, शांतपणे दाढी करत होता.

"मेलाच नव्हता!" सिस्टर म्हणाल्या. "पहिल्यापासून दुसराच कुणीतरी होता पाण्यात, आणि तोही पाय घसरून पडलेला. खूनच नाही झाला, काका!"

आई माझ्या कानात म्हणाली, "याचं पाकीटच नाही केलं मी."

नावं वर सरकायला लागली. फौजदारांनी आधी आपलं पाकीट उघडायला लावलं. "मेव्हणा," बाबांनी वाचलं. फौजदार म्हणाले, "तपासाची दिशा बरोबर होती." कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्या नजरा दुसऱ्या पाकिटावर होत्या. दातांच्या डॉक्टरांनी सील तपासलं, सही तपासली, मान डोलावली. बाबांनी सुरी घेतली, कड कापली, चिठ्ठी काढली. ती त्यांनी स्वतः वाचली नाही. फौजदारांच्या हातात दिली.

फौजदारांनी चष्मा लावला. चुकीच्या नंबरचा आहे, माझ्या लगेच लक्षात आलं. चिठ्ठी लांब धरली, जवळ आणली.

"'सातही भाग लक्षपूर्वक पाहिले,'" त्यांनी वाचलं. "'माहीत नाही.'"

खाली सही आणि तारीख.



"मग हे बरोबर धरायचं की चूक?" शिंप्यांच्या बायकोने विचारलं.

"खुनीच नाही म्हटल्यावर…" सिस्टर म्हणाल्या.

"तांत्रिकदृष्ट्या," दातांचे डॉक्टर म्हणाले आणि पुढे त्यांना काही सुचलं नाही.

"चूक धरा," बाबा म्हणाले. "मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. ते काही उत्तर नव्हे." आणि दीड महिन्यात पहिल्यांदाच दिवाणावर मागे टेकून बसले. चेहऱ्यावर काय होतं म्हणाल, तर पेपर सोडवून बाहेर आलेल्या मुलाचं असतं ते. कसा गेला याचं नव्हे, संपला याचं.

फौजदार अजून चिठ्ठीकडे बघत होते. त्यांनी तिची नीट घडी घातली.

"चौतीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "शेकड्यांनी अहवाल लिहिले. एकावरही हे लिहिलं नाही मी. लिहायला हवं होतं. दोन-तीन ठिकाणी तरी." मग बाबांना म्हणाले, "ही मी ठेवू का? माझ्याकडे?"

"ठेवा," बाबा म्हणाले. "पोच द्या."

फौजदारांनी खरंच पोच लिहून दिली.

माणसं उठली, पण गेली नाहीत. कारण लगेच पुढची सुरू होणार होती, नवीकोरी, रेल्वेच्या सामानघरातली. शिंपी म्हणाले, "कुलूपसाहेब, ही कशी असेल?" बाबा म्हणाले, "बघूनच सांगता येईल," आणि ते ऐकून लोक परत बसले.

"ये ना," बाबा पडद्याकडे बघून म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांसमोर.

आई आत गेली. पदराखालचे कागद ओट्यावर ठेवल्याचे आवाज आले, मग शेगडी पेटल्याचा, मग लाख आणि कागद जळल्याचा वास. "काय जळतंय हो काकू?" सिस्टरनी विचारलं. "काही नाही, दूध," आई म्हणाली. दुधाला असा वास येत नाही, पण सिस्टर थकलेल्या होत्या.

मग ती हात पुसत बाहेर आली आणि बाबांच्या शेजारी, दिवाणाच्या अगदी कडेवर, कुणाच्या घरी गेल्यासारखी बसली. आमच्या घरात सहा वर्षांत चोवीस मालिका संपल्या आणि आईने त्यातली एकही बसून बघितली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. कारण तिला बघताच येत नव्हतं. "हा कोण?" तिने विचारलं. "आत्ताच आलाय," बाबा म्हणाले. "ही त्याची बायको का?" "अजून सांगितलेलं नाही." "मग ती रडते का?" "कळेल." "कधी कळेल?" फौजदारांनी वळून बघितलं. बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते परत पुढे बघायला लागले.

बारा मिनिटांनी जाहिराती लागल्या. आई सवयीने उठून उभी राहिली. स्वयंपाकघराकडे दोन पावलं गेली. मग थांबली. तिथे करण्यासारखं काही आठवतंय का, म्हणून क्षणभर बघत राहिली, आणि काही आठवेना, तेव्हा परत फिरली.

बाबा थोडे सरकले. या वेळी ती दिवाणावर मागे टेकून बसली.